मऊ रोबोचं गणित

रबराची बोटं, हवेवर चालणारे स्नायू आणि कातडीसारखे ताणले जाणारे सेन्सर यांच्यावर आज जगभर काम चाललं आहे. पण मऊ वस्तूकडून नेमकं काम करून घ्यायचं, तर आधी तिचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

फुगा फुगवताना सगळ्यात जास्त जोर पहिल्या दोन-तीन फुंकरांना लागतो. गाल दुखतात, कानांना दडे बसतात आणि फुगा जेमतेम लिंबाएवढा होतो. मग अचानक तो सैल पडल्यासारखा वाटतो आणि पुढचं काम सोपं होतं. खरं तर उलट व्हायला हवं. रबर जितकं ताणावं तितका त्याचा विरोध वाढतो, हे रबरबँड ओढून पाहणाऱ्या कोणालाही कळतं. मग जास्त ताणलेला मोठा फुगा फुगवणं सोपं का जातं?

असंच एक कोडं पंक्चरच्या दुकानात दिसतं. टायरबाहेर काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरत राहिलं, तर ती सगळीकडून सारखी फुगत नाही. एका जागी टेंगूळ येतं आणि पुढची हवा त्या टेंगळातच शिरत राहते. रबर सगळीकडे तेच, आतल्या हवेचा दाबही सगळीकडे सारखा, तरी फुगते ती एकच जागा.

ही दोन्ही कोडी मुळात एकच आहेत. मऊ रोबो बनवणाऱ्या अभियंत्यांची या कोड्याशी रोज गाठ पडते, कारण त्यांची बहुतेक यंत्रं म्हणजे विचारपूर्वक घडवलेले फुगेच असतात.

सांध्यांचा रोबो, बिनसांध्यांचा रोबो

मोटारींच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या रोबोच्या हाताला साधारणपणे सहा सांधे असतात. प्रत्येक सांधा किती अंशांनी वळला आहे, हे सहा आकडे कळले की हाताचं टोक कुठे आहे ते सांगता येतं. मधला धातू वाकतच नाही, असं धरून चाललं तरी काम भागतं.

रबरी हातात हे गृहीतक कोसळतं. तिथे सांधा नसतो. हात कुठेही वाकतो, पिळला जातो, लांबतो, स्वतःच्या वजनानेही लोंबतो. त्याचं वर्णन करायला सहा आकडे पुरत नाहीत.

फरक किती मोठा आहे ते एका हिशोबाने कळेल. एक मीटर लांबीची आणि एक चौरस मिलिमीटर छेदाची स्टीलची तार घ्या आणि तिला 10 ग्रॅमचं वजन टांगा. ती लांबेल मिलिमीटरचा सुमारे दोनहजारावा भाग. मऊ रोबोसाठी वापरतात तसल्या अगदी मऊ सिलिकोन रबराची तेवढीच दोरी त्याच वजनाने दुप्पट किंवा त्याहून लांब होते. पदार्थ ताणायला किती कठीण, हे सांगणाऱ्या आकड्याला 'यंगचा गुणांक' म्हणतात. स्टीलचा हा आकडा सुमारे 200 अब्ज पास्कल आहे, तर या रबराचा लाखभर पास्कलच्या आसपास. म्हणजे स्टील वीसएक लाख पटींनी ताठ.

एवढा मऊपणा मुद्दाम निवडलेला असतो. पिकलेला टोमॅटो उचलायचा असेल, शस्त्रक्रियेत आतड्याला इजा न करता हलवायचं असेल किंवा पक्षाघाताने आखडलेली बोटं हळूच उघडायची असतील, तर यंत्राचा मऊपणा त्वचेच्या आणि स्नायूंच्या मऊपणाच्या जवळपासचा हवा. स्टीलच्या हाताला हळुवार वागायचं तर त्याला क्षणोक्षणी मोजमाप करून स्वतःला आवरावं लागतं. रबरी हात चुकून जास्त पुढे गेला, तर तो स्वतःच दबतो आणि इजा टळते.

रबर परत का येतं?

स्टीलची तार ओढली की तिच्यातले अणू एकमेकांपासून किंचित दूर जातात आणि त्यांच्यातलं आकर्षण त्यांना परत खेचतं. रबराचा जोर वेगळ्या वाटेने येतो. रबर म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबच लांब रेणूंचा गुंता. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयर यांना आढळलं, की गंधक घालून तापवलेलं रबर टिकाऊ होतं. गंधकामुळे रेणूंच्या साखळ्या अधूनमधून एकमेकींना जोडल्या जातात आणि गुंत्याचं एकसंध जाळं बनतं.

या जाळ्यातली एक साखळी डोळ्यांपुढे आणा. शाळेच्या मैदानावर 'साखळी' खेळताना वीस मुलांनी हात धरले आहेत आणि प्रत्येक मूल आपल्या मनाने उड्या मारतंय, कोणी डावीकडे, कोणी मागे. मुद्दाम आत खेचणारं कोणी नाही. तरी टोकाच्या दोघांना सतत आत ओढ जाणवते. साखळी सरळ राहण्याची तऱ्हा एकच, आणि वाकडीतिकडी होण्याच्या तऱ्हा अगणित. म्हणून ती सरळ धरून ठेवायची तर टोकांना जोर लावावाच लागतो. मुलं जितक्या जोरात उड्या मारतील, तितका हा जोर जास्त.

रबराच्या रेणूंना उष्णता अशीच नाचवते. यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो: वजन टांगून ताणलेलं रबर तापवलं, तर ते आखडायला हवं. तसंच घडतं. इंग्लंडमधले निसर्ग-अभ्यासक जॉन गफ यांची दृष्टी लहानपणीच देवीच्या आजाराने गेली होती. रबराची पट्टी ओठांना लावून झटकन ताणली की ती कोमट लागते, हे त्यांनी स्पर्शाने ओळखलं. 1805 मध्ये त्यांचं हे निरीक्षण प्रसिद्ध झालं. तापवल्यावर ताणलेलं रबर आखडतं, हेही त्यात होतं. पुढे जेम्स जूल यांनी नेमकी मोजमापं करून त्याला दुजोरा दिला. घरी पडताळून पाहायचं असेल, तर जाड रबरबँड वरच्या ओठाला टेकवा आणि झटकन ताणा. कोमटपणा जाणवेल. काही क्षण तसाच ताणून धरा आणि पटकन सैल सोडा, की तो गार लागेल.

फुग्याचं कोडं सुटतं

आता गोल फुगा मनातल्या मनात मधोमध कापा. आतली हवा दोन्ही अर्धगोलांना एकमेकांपासून दूर ढकलते. हे ढकलणं कापलेल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतं. अर्धगोलांना एकत्र धरून ठेवते ती रबराची कड. तिची ताकद वर्तुळाच्या परिघावर आणि रबराच्या जाडीवर ठरते.

फुग्याची त्रिज्या दुप्पट केली, तर काय होईल? क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे तोच दाब चौपट जोराने ढकलतो. परीघ फक्त दुप्पट होतो. शिवाय तेवढंच रबर चौपट पृष्ठभागावर पसरल्यामुळे त्याची जाडी एक चतुर्थांश उरते. म्हणजे धरून ठेवणारी कड निम्मी झाली आणि ढकलणारा जोर चौपट. पहिल्याइतकाच दाब पेलायचा, तर रबराच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरला आठपट ताण सोसावा लागेल.

अगदी सुरुवातीला रबराचा ताण या शर्यतीत पुढे असतो, पण लवकरच मागे पडतो. रबराच्या सगळ्यात साध्या सूत्रानुसार त्रिज्या मूळच्या सुमारे 1.38 पट झाली की दाब शिखरावर पोचतो. त्यानंतर फुगा जितका मोठा, तितका त्याला कमी दाब पुरतो. आपण धापा टाकत मारतो त्या पहिल्या फुंकरा म्हणजे या शिखराची चढण. फुगा खूप मोठा झाला की रेणूंच्या साखळ्या जवळजवळ सरळ होतात, त्यांच्यात सैलपणा उरत नाही आणि दाब पुन्हा चढू लागतो.

ट्यूबचं टेंगूळही यातूनच उलगडतं. कुठेतरी रबर किंचित पातळ असतं. ती जागा शिखर आधी ओलांडते. आता तिला फुगायला इतरांपेक्षा कमी दाब लागतो, म्हणून पुढची हवा तिच्याकडेच जाते. याच कारणाने एक लहान आणि एक मोठा फुगा नळीने जोडला, तर बरेचदा लहान फुगा आणखी आक्रसतो आणि त्याची हवा मोठ्यात जाते.

स्वभाव सूत्रात उतरवताना

रॉबर्ट हुक यांनी 1678 मध्ये मांडलेला नियम सरळ आहे: दुप्पट जोर लावा, दुप्पट लांबी वाढेल. स्टीलच्या पुलाला तो पुरतो. पाचपट लांब होऊ शकणाऱ्या रबराला तो फक्त सुरुवातीला लागू पडतो.

1940 मध्ये मेल्विन मूनी यांनी आणि त्या दशकाच्या अखेरीस रोनाल्ड रिव्हलिन यांनी वेगळी वाट धरली. रबर लांबीत, रुंदीत आणि जाडीत किती पट ताणलं गेलं हे सांगा, आणि त्यात किती ऊर्जा साठली ते विचारा. या एका प्रश्नाचं उत्तर सूत्रात मांडता आलं, की कोणत्याही आकाराच्या रबरी वस्तूला कुठे किती जोर येईल ते त्यातून काढता येतं. रबर ताणलं तरी त्याचं घनफळ जवळजवळ बदलत नाही. ही अट या सगळ्या हिशोबाचा आधार आहे.

सूत्र खरं आहे की नाही, हे ठरवण्याचा मार्ग लेस्ली ट्रेलोर यांच्या 1944 मधल्या प्रयोगांनी दाखवला. त्यांनी एकच रबर एका दिशेने ओढलं, मग दोन्ही दिशांनी सारखं ताणलं, आणि मग रुंदी बदलू न देता ओढलं. पहिल्या प्रयोगावरून सूत्रातले आकडे ठरवायचे आणि तेच आकडे वापरून उरलेल्या दोन प्रयोगांचं भाकीत करायचं. भाकीत चुकलं, तर सूत्र अपुरं. आजही नवं सूत्र मांडणारे संशोधक ट्रेलोर यांच्या आकड्यांवर ते तपासून पाहतात.

सूत्र हाती आलं, की रोबोचा आकार संगणकात हजारो लहान तुकड्यांत विभागतात. प्रत्येक तुकड्यात किती ऊर्जा साठेल त्याचा हिशोब होतो आणि सगळे जोर एकमेकांना तोलतील असा आकार संगणक शोधून काढतो. ही पद्धत बारकाईची आहे, पण वेळ खाते. हलत्या रोबोला क्षणात उत्तर हवं असतं. म्हणून सोंडेसारख्या लांब हातासाठी सोपी पद्धत वापरतात: हात म्हणजे एक वळणारी रेषा मानायची आणि तिच्यावरच्या प्रत्येक ठिकाणी ती किती वाकली, किती पिळली आणि किती लांबली एवढंच मोजायचं. अशा रेषेचं पूर्ण गणित फ्रान्सच्या यूजीन आणि फ्रांस्वा कोसेरा या भावांनी 1909 मध्येच मांडून ठेवलं होतं. हात वर्तुळाच्या कमानीसारखा एकसारखा वाकतो असं धरलं, तर लांबी, वाक आणि वाकण्याची दिशा हे तीनच आकडे पुरतात. मात्र हातात जड वस्तू आली, की कमान बिघडते आणि हे सोपं रूप फसतं. कुठलं गृहीतक कुठवर टिकेल याची पारख करणं, हे या क्षेत्रातलं खरं कौशल्य आहे.

हवेवर वाकणारं बोट

2011 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने रबरी बोटांची एक सोपी रचना प्रसिद्ध केली. साच्यात ओतलेल्या मऊ रबराच्या पट्टीत ओळीने लहान कप्पे असतात आणि ते एका बारीक वाटेने जोडलेले असतात. पट्टीचा तळ मात्र सहज न ताणल्या जाणाऱ्या थराचा असतो. हवा भरली की कप्पे फुगून वरची बाजू लांबते, तळ तेवढाच राहतो आणि पट्टी तळाच्या बाजूला वळते. एक नळी आणि एक पंप एवढ्यावर बोट वस्तूभोवती मिटतं. वस्तू गोल की चौकोनी, हे त्याला आधी सांगावं लागत नाही.

इथेही ट्यूबच्या टेंगळाचा धोका असतोच. एखादी भिंत पातळ राहिली, की सगळी हवा त्या कप्प्यात जाते. म्हणून अनेक रचनांमध्ये रबराभोवती न ताणला जाणारा धागा गुंडाळतात. रबर कोणत्या दिशेने वाढेल, हे धागाच ठरवतो.

धाग्याची ही ताकद एका जुन्या शोधात फार सुंदर दिसते. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ मॅकिबेन यांनी पोलिओमुळे हातांची शक्ती गेलेल्या आपल्या मुलीसाठी हवेवर चालणारा कृत्रिम स्नायू वापरात आणला. आत रबरी नळी आणि तिच्यावर तिरक्या धाग्यांची विणलेली जाळी, एवढीच त्याची रचना. हवा भरली की नळीला जास्तीत जास्त जागा हवी असते, पण धागे लांबत नाहीत. मग जाळी आपला कोन बदलते: नळी जाड होते आणि आखूड होते, अगदी स्नायू आवळतो तशी. धागे नळीच्या अक्षाशी सुमारे 54.7 अंशांचा कोन करतात, तेव्हा आतली जागा सर्वाधिक होते आणि स्नायू तिथे थांबतो. सुरुवातीचा कोन यापेक्षा मोठा ठेवला, तर तीच नळी हवा भरल्यावर लांबते. पदार्थ तेच आणि हवाही तीच असली, तरी विणीच्या कोनाने हालचाल उलटी होते.

ताणला जाणारा सेन्सर

बोट वाकलं, पण किती वाकलं? हे कळायला मऊ सेन्सर लागतो. तारेचा विद्युतरोध तिच्या लांबीबरोबर वाढतो आणि तिचा छेद वाढला की कमी होतो. आता रबरातल्या केसासारख्या बारीक नळीत द्रवरूप धातू भरा. नळी दुप्पट ताणली की आतल्या द्रवाचं घनफळ तेवढंच राहतं, म्हणून छेद निम्मा होतो. लांबी दुप्पट आणि छेद निम्मा, त्यामुळे रोध चौपट. रोध मोजला की ताण कळला.

आर. जे. व्हिटनी यांनी 1953 मध्ये पाऱ्याने भरलेली रबरी नळी हातापायांभोवती गुंडाळून त्यांच्या घेरातले सूक्ष्म बदल मोजले आणि त्यावरून रक्ताच्या प्रवाहाचा अंदाज घेतला. पारा विषारी असतो, म्हणून आता गॅलियम आणि इंडियम यांचं मिश्रण वापरतात. ते साधारण 15.5 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे खोलीच्या तापमानाला द्रवच असतं.

चिपमधलं सिलिकॉन ठिसूळ असूनही लवचीक यंत्रात बसवता येतं, आणि तेही साध्या भूमितीच्या जोरावर. पट्टी वाकवताना तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर जो ताण येतो, तो साधारण पट्टीची जाडी भागिले वळणाचा व्यास एवढा असतो. अर्धा मिलिमीटर जाडीची चकती 10 मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती गुंडाळायची, तर बाहेरची बाजू 5 टक्के ताणावी लागेल. सिलिकॉन त्याच्या कितीतरी आधी तडकतं. तीच चकती 100 नॅनोमीटर पातळ केली, तर ताण येतो फक्त 0.001 टक्के. पातळपणामुळे ठिसूळ पदार्थ लवचीक होतो.

पण वाकणं वेगळं आणि ताणलं जाणं वेगळं. 2006 मध्ये जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी रबर ताणलं, त्यावर सिलिकॉनच्या अतिपातळ फिती चिकटवल्या आणि मग रबर सैल सोडलं. रबर आखडताना फितींवर दाब आला आणि त्या नियमित लाटांमध्ये वाकल्या. आता रबर पुन्हा ताणलं, की फक्त लाटा सपाट होतात आणि सिलिकॉनला फारसा ताण सोसावा लागत नाही. बारीक काठी टोकांकडून दाबली की ती एका ठरावीक जोराला बाजूला वाकते, याचं गणित ऑयलर यांनी 1744 मध्ये केलं होतं. खांब कोसळू नयेत म्हणून अभियंते ज्या सूत्राचा आधार घेतात, त्याच विचाराने इथे ताणता येणारी चिप घडली.

रबराची आठवण

नवा फुगा फुगवण्याआधी हातांनी ताणून घेतला, तर तो सोपा जातो. पहिल्या ताणाने रबर काहीसं नरम पडतं आणि पुढच्या वेळी तेवढंच ताणायला कमी जोर लागतो. लिओनार्ड मलिन्स यांनी 1940च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून हा परिणाम त्यांच्या नावाने ओळखला जातो. शिवाय ताणताना आणि सैल सोडताना रबर एकाच वाटेने जात नाही. मधल्या फरकाची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

सेन्सरच्या दृष्टीने ही मोठी अडचण आहे. एकाच आकड्याचा अर्थ, बोट आत्ता वाकतंय की सरळ होतंय, यावर बदलतो. म्हणून सेन्सर वापरण्यापूर्वी अनेकदा ताणून घेतात आणि सूत्रात पदार्थाचा पूर्वेतिहासही धरतात. मऊ यंत्रांच्या संशोधनात या कामाला बरीच मेहनत लागते.

अस्थिरता कामाला लावली

फुग्याचं ते शिखर बरीच वर्षं टाळायची गोष्ट मानलं गेलं. 2015 मध्ये हार्वर्डमधल्या कातिया बेर्तोल्दी यांच्या गटाने ते मुद्दाम वापरलं. वेगवेगळ्या स्वभावाचे फुगणारे भाग त्यांनी असे जोडले, की थोडासा द्रव आत सोडताच एक भाग शिखर ओलांडतो, द्रव एका भागातून दुसऱ्यात झपकन जातो आणि लहान धक्क्यातून मोठी हालचाल होते. हे भाग कसे निवडायचे, ते त्यांनी आधी गणिताने ठरवलं होतं.

2016 मधल्या 'ऑक्टोबॉट' या आठ हातांच्या लहान रोबोत ना बॅटरी होती ना चिप. हायड्रोजन पेरॉक्साइड प्लॅटिनमच्या संपर्कात आल्यावर ऑक्सिजन सुटतो आणि त्या वायूने हात हलतात. कोणते चार हात आधी आणि कोणते नंतर हलणार, हे रबरातल्या बारीक वाटांची रचनाच ठरवते. 2021 मध्ये चिनी संशोधकांनी मारियाना गर्तेत सुमारे 10,900 मीटर खोलीवर एका मऊ रोबोची चाचणी प्रसिद्ध केली. त्याला पोलादी कवच नव्हतं. इलेक्ट्रॉनिक भाग एकमेकांपासून दूर ठेवून मऊ सिलिकोनमध्ये बसवले होते, त्यामुळे प्रचंड दाबाखालीही ते एकमेकांवर दाबले जाऊन तुटले नाहीत.

या सगळ्यांतून मला एक गोष्ट ठामपणे मांडावीशी वाटते. यंत्राची हुशारी फक्त त्याच्या चिपमध्ये असते, ही समजूत आता सोडायला हवी. कोणत्या जागी रबर किती जाड, धागा कोणत्या कोनात, वाट कुठे अरुंद, या निर्णयांतही विचार साठवलेला असतो आणि यंत्र हलतं तेव्हा तो कामी येतो. आपल्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात स्टीलच्या तुळईला मानाचं स्थान आहे. रबराची नळीही तेवढ्याच गांभीर्याने शिकवली गेली पाहिजे. माणसाच्या शरीराला हात लावणाऱ्या यंत्राकडे मऊपणा हवा आणि भरवशाचं वागणंही हवं. मऊपणा बाजारात डब्यात मिळतो; भरवसा मात्र मोजमापाने आणि गणितानेच कमवावा लागतो.

थोडक्यात

- ताणलेल्या रबराचा जोर मुख्यतः रेणूंच्या साखळ्यांच्या उष्ण हालचालीतून येतो. म्हणून वजन टांगून ताणलेलं रबर तापवल्यावर आखडतं.
- गोल फुग्यातला दाब आधी वाढतो, त्रिज्या सुमारे 1.38 पट झाल्यावर उतरू लागतो आणि खूप फुगल्यावर पुन्हा चढतो.
- मऊ पदार्थाचं सूत्र साठलेल्या ऊर्जेवरून मांडतात आणि वेगवेगळ्या प्रकारच्या ताणांवर तपासतात.
- न ताणला जाणारा थर किंवा धागा रबराच्या हालचालीची दिशा ठरवतो.
- द्रवरूप धातूची नळी दुप्पट ताणली की तिचा विद्युतरोध चौपट होतो. अतिपातळ केल्यास ठिसूळ सिलिकॉनही वाकतं.
- रबर मागचे ताण लक्षात ठेवतं. सेन्सरचं गणित ही आठवण धरूनच करावं लागतं.